फाटकाजवळचा फोन

आमच्या कॉलेजात कुठला फोन कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या खोलीत होता, हे मी सांगू शकते. हे ऐकलं की लोक माझ्याकडे जरा संशयाने बघतात. पण त्यात जादू काही नाही. बुलढाण्याच्या या कॉलेजात वायफायचे चौदा डबे छताला टांगलेले आहेत. विद्यार्थ्याने एकदा आपलं नाव आणि पासवर्ड फोनमध्ये टाकला, की पुढे तो फोन ज्या डब्याजवळ जाईल त्याला आपोआप जोडला जातो, आणि डबा मुकाट्याने लिहून ठेवतो, की अमुक फोन आला, इतक्या वाजता गेला. फोनवर कुणी काय पाहिलं, कुणाशी काय बोललं, ते मला कळत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. येणं-जाणं तेवढं कळतं.

ही नोंद यंत्र स्वतःहून महिनाभरच सांभाळतं. मी मात्र दर महिन्याच्या शेवटी तिची फाइल करून एका हार्ड डिस्कवर ठेवत आले. कुणी सांगितलं नव्हतं. मोताळ्याला आमच्या घरी वडील आठवडी बाजारातल्या रिकाम्या पिशव्यासुद्धा घडी घालून गादीखाली ठेवायचे. टाकून देणं माझ्या रक्तातच नाही. स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची, की मॅडमच्या कपाटात सगळ्या कॉलेजची कुंडली आहे. होऊ दे चेष्टा. मी पदाने लॅब असिस्टंट. बसते ती खोली पूर्वी रसायनशास्त्राच्या बाटल्यांची होती, पावसाळ्यात अजून वास मारते. पण तिथे माझं राज्य होतं, आणि राज्य म्हटलं की थोडा माज आलाच. माणसं खोटं बोलतात, नोंद बोलत नाही, हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सुनावायची.

गेल्या वर्षी परीक्षेचे फॉर्म भरायच्या आठवड्यात नेट अक्षरशः रांगायला लागलं. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. आमच्याकडे नियम साधा आहे, एका विद्यार्थ्याला एकच फोन, आणि तो माझ्याकडच्या वहीत नोंदवायचा. सर म्हणाले, "नोंदणी नसलेले फोन शोधा. ज्यांनी आपला पासवर्ड दुसऱ्याला दिलाय त्यांची नावं मला सोमवारी द्या. परीक्षेपर्यंत त्यांना लॅब बंद." लॅब बंद म्हणजे प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष गेलं. शिक्षा कडक होती. खरं सांगायचं तर मला ती तेव्हा योग्यच वाटली.

दोन दिवसांत यादी झाली. बहुतेक मुलांनी खाली मान घालून कबूल केलं आणि जास्तीचा फोन माझ्यासमोर बंद करून टाकला. अशांना सरांकडे न्यायचं मला काही कारण नव्हतं. एकच फोन उरला. तो रोज सकाळी साडेनऊ-दहाला यायचा, पाचनंतर जायचा, आणि या सगळ्या वेळात फक्त फाटकाजवळच्या डब्याला धरून असायचा. आत कधीच नाही. वर्गात नाही, लायब्ररीत नाही, कुठेच नाही. तो चालत होता तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या एका मुलीच्या नावावर. मुलगी देऊळघाटची, रोज बसने येणारी, कमी बोलणारी. तिच्या प्रॅक्टिकलच्या वह्या मी इतर मुलांना नमुना म्हणून दाखवायची. आवडती होती म्हणून राग जास्त आला.

तिला खोलीत बोलावलं आणि बस म्हणायचंही विसरले.

"तुझ्या नावावर दोन फोन चालतात. दुसरा कुणाचा?"

"माझा एकच हाय, मॅडम. हा."

"मग फाटकाजवळ रोज दिवसभर कोण असतं?"

फाटक म्हटल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, सापडली.

"मी कोणालेच पासवर्ड देल्ला नाही, मॅडम," ती हळूच म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. नोंद माझ्यासमोर आहे. नाव सांग, मी तुला वाचवते. नाही सांगितलंस तर लॅब बंद होईल. प्रॅक्टिकल दोन आठवड्यांवर आलंय, समजतंय ना?"

तिने खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "लिहा मंग माझं नाव."

एवढं बोलून गेली. रडली नाही, हातापाया पडली नाही. मला हा शुद्ध उद्धटपणा वाटला. कुणातरी मुलासाठी वर्षावर पाणी सोडायला निघाली आहे, असा मी माझ्या मनाने सगळा हिशेब लावून टाकला आणि यादीत तिचं नाव लिहिलं. सरांनाही फोन करून सांगितलं, की एक नक्की सापडली आहे.

पण नुसतं नाव देऊन माझं समाधान होईना. सोमवारी सरांपुढे पक्का पुरावा ठेवायचा, हा फोन किती दिवसांपासून चालू आहे ते तारखेसकट दाखवायचं, असं ठरवून शनिवारी सकाळी मी कपाटातली हार्ड डिस्क काढली. जुनी नोंद काढणं म्हणजे कंटाळवाणं काम. प्रत्येक महिन्याची फाइल निराळी, ती उघडायची, त्या फोनचा पत्ता, म्हणजे कारखान्यातच प्रत्येक फोनला मिळालेला वेगळा आकडा, शोधायचा, ओळी वेगळ्या काढायच्या, पुन्हा मागच्या महिन्याची घ्यायची. हल्लीचे नवे फोन प्रत्येक ठिकाणी आपला वेगळाच पत्ता सांगतात, त्यामुळे असं मागे जाणं कठीण झालंय. हा फोन जुना होता. जुने फोन आपला खरा पत्ता सांगतात.

मी महिन्यामागून महिने मागे गेले. फाटक, फाटक, फाटक. त्या वर्षीचा पावसाळा, आदल्या वर्षीचा हिवाळा, आदल्या वर्षीचा पावसाळा, सगळीकडे फाटक. मग उन्हाळ्याची सुट्टी आली, आणि सुट्टीच्या मागे तोच फोन कॉलेजभर हिंडत होता. सकाळी मागच्या इमारतीतला वर्ग, मग लॅब, मग मुलींची खोली, दुपारी लायब्ररी, परत वर्ग. पहिल्या वर्षाचं अख्खं वेळापत्रक त्या ओळींमध्ये होतं. एक दिवस तर तो फोन माझ्याच खोलीबाहेरच्या डब्यावर तासभर होता. ती नवीन होती तेव्हा वही तपासून घ्यायला आली होती आणि मी तिला बाहेर थांबवलं होतं, तो दिवस असावा.

मी नोंदणीची वही काढली. पहिल्या वर्षी तिच्या नावापुढे हाच फोन. दुसऱ्या वर्षी जुलैत त्याच्यावर लाल रेघ आणि खाली नवा फोन. लाल रेघ माझ्या हातची होती. नवा फोन आला की वहीत जुन्यावर रेघ मारायची आणि मग यंत्रातूनही तो काढून टाकायचा, ही माझीच पद्धत. वहीत मी रेघ मारली, यंत्रातून काढायचा राहिला. तिने कुणाला पासवर्ड दिलाच नव्हता. फोन हातातून हातात गेला आणि जाताना आतला पासवर्ड बरोबर घेऊन गेला.

कुणाच्या हातात, हे मला एका क्षणात कळायला हवं होतं. आपल्याकडे वस्तू थोरांकडून धाकट्यांकडे जातात, शर्ट जातो, सायकल जाते, पुस्तकं जातात. फोन तेवढा उलटा चढतो. नवा शिकणाऱ्या मुलाला आणि त्याचा जुना आई-बापाला. माझ्या स्वतःच्या पर्समधला फोन माझ्या मुलाने वापरून दिलेला आहे. त्यात अजून त्याच्या होस्टेलच्या वायफायचं नाव आहे. आणि मी त्या पोरीला विचारत होते, नाव सांग.

साडेअकरा झाले असतील. मी चप्पल घातली आणि फाटकाकडे गेले.

फाटकाबाहेर कुंपणाला लागून एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली पोतं अंथरून पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बसला होता. समोर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. एकेक शेंग अंगठ्याने फोडून दाणे एका डब्यात आणि टरफलं बाजूला. बियाण्याचे दाणे असेच हाताने काढतात, म्हणजे लाल साल निघत नाही. शर्टाच्या खिशात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. हा माणूस मी यापूर्वी शेकडो वेळा पाहिला होता. फाटकाजवळ बसणारा कुणीतरी म्हणून पाहिला होता.

"भाऊ, कुणाची वाट बघताय?"

"कोणाची नाही, मॅडम. बसलो असाच."

"रोज?"

तो उठून उभा राहिला. मांडीवरची टरफलं खाली सांडली.

"तुमची मुलगी इथे शिकते ना?"

त्याने आधी मागे इमारतीकडे बघितलं. "हळू बोला, मॅडम. तिले माहीत नाही."

मग त्याने जे सांगितलं ते उभ्या उभ्या, खालच्या आवाजात, एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तसं सांगितलं. पहाटे मेथी-पालकाच्या जुड्या घेऊन तो बुलढाण्याच्या बाजारात येतो, नऊपर्यंत माल संपवतो. मुलगी मागून बसने येते. तिला वाटतं, बाबा माल विकून घरी गेले. ते इथे येऊन बसतात. संध्याकाळी ती गावच्या मैत्रिणींसोबत बसमध्ये चढली की ते मागच्या बसने जातात.

"पह्यल्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिले फीट आली होती, मॅडम. घरी, अंगणात. एकदाच. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, मंग काही नाही झालं. पण तिची माय म्हणे, कॉलेज बंद, नाही तं कोणीतरी सोबत पाह्यजे. अन् पोट्टी म्हणे, मी बिमार नाही, कोणी माझ्या मागं मागं आलं तं मीच जात नाही. मी दोघींले हाव म्हटलं."

"आणि शेत?"

"पहाटे करतो. बाकी तिची माय पाह्यते. माझं काय, इथं बसून हातचं काम होते. कधी लसूण निवडतो, कधी हे."

त्याने बोट करून दाखवलं. लायब्ररीच्या व्हरांड्याला फाटकाकडे तोंड करून एक मोठी खिडकी आहे; तिथे फोन फाटकाच्याच डब्याला जोडला जातो.

"एक वाजता थे त्या खिडकीत येते डबा खायाले. तिची आपली सवय हाय. दिसली का मंग मी बी भाकर सोडतो. तिचं ध्यान नसते इकडं, बरं हाय."

फोनचं मी विचारलं. तिचाच जुना आहे, म्हणाला. वाजला तर उचलता येतो, बाकी त्यातलं काही समजत नाही. कॉलेजातून कुणाचा फोन आलाच तर लगेच आत जाता यावं म्हणून खिशात. मग हात जोडायला लागला, तेव्हा मी अडवलं. "तिले सांगू नका, मॅडम. तिले वाटन, बापाचा भरोसा नाही."

मी सांगणार नाही म्हटलं आणि परत आले. खोलीचं दार लावून घेतलं. मला माझी इतकी लाज फार वर्षांत वाटली नव्हती. नोंद खोटं बोलली नव्हती, ते खरंच. तिच्यावर मी माझ्या मनातलं चढवलं होतं. पण लाज वाटून भागणार नव्हतं. सोमवारी सर विचारणार. मुलीला सोडवायचं तर फोन कुणाकडे आहे ते सांगावं लागणार, मग ते तिच्यापर्यंत जाणार, आणि ती कॉलेज सोडणार की काय. न सांगावं तर वर्ष जाणार.

एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. फाटक म्हटल्यावर तिचा चेहरा का उतरला? मी पुन्हा डिस्क जोडली आणि या वेळी तिच्या नव्या फोनची नोंद काढली. आमच्या वायफायला खरा पत्ता दिल्याशिवाय फोनची नोंदणी मी करतच नाही, म्हणून तो सापडला. दिवसभर मागची इमारत. वर्ग, लॅब, मुलींची खोली, सगळं तिकडेच. आणि बरोबर एक वाजता फाटकाचा डबा. दीडपर्यंत. मग परत मागे. रोज. गॅदरिंगच्या दिवशी सगळ्यांचं जेवण मैदानावर होतं, त्या दिवशीसुद्धा एक वाजता ती फाटकाच्या डब्यावर. पावसाने झोडपलं त्या दिवशी, अर्ध्या मुली आल्याच नव्हत्या, तरीही.

मग मी दोन्ही फोनच्या ओळी शेजारी शेजारी लावल्या. वर्षभरात असे काही मोजके दिवस होते, की त्याचा फोन आलेलाच नव्हता. बाजार नसेल, शेतात काम निघालं असेल. त्या दिवशीही तिचा फोन एक वाजता खिडकीशी आलेला होता. दोन मिनिटं. लगेच मागे, मुलींच्या खोलीत, आणि जेवायच्या वेळात तिथेच.

सोमवारी एक वाजता मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. ती खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून, बाहेर तोंड करून, उभ्याने जेवत होती. मला बघून तिने घास खाली ठेवला.

"जेव," मी म्हटलं. "चूक माझी होती. तुझा जुना फोन मी यंत्रातून काढलाच नव्हता. तुझं नाव यादीत नाही आता. तुला नको ते बोलले, ते मनात ठेवू नकोस."

तिने विचारलं, "तुमी बाबाले भेटल्या काय?"

"हो."

"मले माहीत नाही म्हणाले का?"

"हो."

"मंग तसंच राहू द्या, मॅडम." तिने बाहेर बघितलं. लिंबाखाली बाप डोक्याचं उपरणं सोडून भाकरीची गाठोडी उघडत होता. "मले समजलं हे त्याईले कळलं तं लाजतीन. येणं बंद करतीन."

"तुलाच कुणी मागे यायला नको होतं ना?"

"मीच म्हटलं होतं तसं. पण थे दिसले का बरं वाटते मले. कधी कधी भेव वाटते, मॅडम. वर्गात बसल्या बसल्या वाटते, आता होते का काय. मंग आठवते, थे हायेत."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला असं काही जमत नाही, पण ठेवला. ती जेवायला लागली आणि मी सरांच्या केबिनकडे गेले.

सरांना मी रेघ मारलेली वही दाखवली आणि चूक माझी म्हणून सांगितली. त्या दिवशी मी ज्या तोऱ्यात फोन केला होता तो त्यांच्या लक्षात होता. त्यांनी विचारलं, "मग तो जुना फोन आता कुणाकडे आहे?"

"वडिलांकडे."

"आणि वडील दिवसभर आपल्या फाटकावर काय करतात?"

"भुईमूग फोडतात, सर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी का ते सांगितलं, आणि ती गोष्ट या खोलीबाहेर जाऊ नये असंही सांगितलं. त्यांनी एकही नाव नसलेल्या यादीवर सही केली. दोन दिवसांनी वॉचमनने स्टाफरूमची एक हात तुटलेली खुर्ची लिंबाखाली नेऊन ठेवली, सरांनी सांगितलंय म्हणून. भाऊंनी शेंगांचं पोतं खुर्चीवर ठेवलं आणि स्वतः खालीच बसले.

नियमाप्रमाणे मला तो फोन यंत्रातून काढावा लागला. काढला. त्यानंतर एक वाजता फाटकाच्या डब्यावर तिचा एकटीचा फोन यायला लागला. नोंद बघणाऱ्याला वाटलं असतं, ही पोरगी रोज अर्धा तास फाटकाशी जाऊन काय करते.

प्रॅक्टिकलचा शेवटचा दिवस आला. तिचं साडेबारालाच आटोपलं, चांगलं झालं. मी स्क्रीनसमोर होते, आणि आता कबूल करायला हरकत नाही, एक वाजायची वाट बघत होते. एक वाजता फोन फाटकाच्या डब्यावर आला. दहा मिनिटांनी सुटला. मी मागच्या इमारतीचे डबे बघितले, कुठेच आला नाही. पुन्हा फाटक बघितलं, तिथेही नाही. मी जिना उतरून जवळजवळ पळतच गेले.

खिडकीत कुणी नव्हतं. लिंबाखाली दोघं होती. ती पोत्याच्या टोकावर मांडी घालून बसली होती, मध्ये तिचा डबा आणि त्याची भाकरी, तिचा फोन बंद करून बाजूला ठेवलेला, दोघांचं एकत्र चाललं होतं. मला बघून तो घाईने उठला. तोंडावर चोरटं हसू होतं.

"पकडलं, मॅडम, पोट्टीनं आज मले," तो म्हणाला.

मी तिच्याकडे बघितलं. तिने भाकरीचा तुकडा मोडला, बापाच्या पुढ्यात ठेवला आणि अगदी सरळ तोंडाने म्हणाली, "आजच दिसले, मॅडम. मले तं पत्ताच नव्हता."

दीड वर्षाची नोंद माझ्या कपाटात होती. "हो का," मी म्हटलं, आणि भाऊंनी पुढे केलेल्या शेंगा ओंजळीत घेतल्या.